आंतरवासितेची खरी गरज हिंगोलीच्या पदवीधराला

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे वर्ग सुरू झाले. श्रेयांक, मेजर, मायनर या शब्दांवर तेव्हा बरीच चर्चा झाली. याच रचनेत पदवीच्या तिसऱ्या वर्षी चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण अनिवार्य झाले आहे, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. महाविद्यालयांत त्याला ओजेटी म्हणतात, विद्यार्थी इंटर्नशिप म्हणतात आणि शासकीय मराठीत आंतरवासिता हा शब्द रुळला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने एका श्रेयांकाला किमान ३० तास, म्हणजे एकूण सुमारे १२० तास विद्यार्थ्याने वर्गाबाहेर, खऱ्या कामाच्या ठिकाणी घालवायचे आहेत. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांना हे फार अवघड जाणार नाही, कारण कंपन्या, बँका, वकिलांची कार्यालये आणि माजी विद्यार्थी त्यांच्या आसपासच असतात. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ किंवा सेनगावच्या महाविद्यालयापुढे दोन वाटा आहेत. ओळखीच्या दुकानातून एक प्रमाणपत्र आणून फाईलला लावायचे, किंवा या १२० तासांतून विद्यार्थ्याच्या हाताला खरोखर काही लागेल अशी व्यवस्था उभी करायची. दुसरी वाट कष्टाची आहे, पण हिंगोलीने तीच धरली पाहिजे. ज्याच्या घरात नोकरी-व्यवसायाची ओळखपाळख नाही, त्या विद्यार्थ्याला आंतरवासितेचा फायदा सर्वांत जास्त होतो आणि असे विद्यार्थी या जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहेत.

हे बोलण्याआधी पदवीधराची आजची अवस्था पाहायला हवी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील रोजगारविषयक अहवालानुसार, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधील बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तो ३.४ टक्के होता. यावरून शिक्षण निरुपयोगी ठरत नाही. गरिबाला बेकार बसणे परवडत नाही, मिळेल ते काम तो करतो. पदवीधर मात्र शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो, आणि ती वाट लांबत जाते. पदवी मिळवण्यात घरादाराने पंधरा-सोळा वर्षे घातलेली असतात. दोन-चार एकर कोरडवाहू शेतीवर मुलाला बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या बापाला त्यानंतरची तीन-चार वर्षांची वाट पाहणे सोसत नाही. ही मधली दरी कमी करण्याचे जे काही उपाय आहेत, त्यांत शिकत असतानाच कामाचा अनुभव देणे हा सर्वांत स्वस्त आणि लवकर हाती येणारा उपाय आहे.

आंतरवासितेतून विद्यार्थ्याला नेमके काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे पुरावा. नोकरी देणाऱ्यापुढे शंभर अर्ज येतात आणि त्यांतल्या नव्वदांवर सारखीच पदवी, सारखेच टक्के असतात. हा मुलगा वेळेवर येईल का, सांगितलेले काम पुरे करील का, चुकले तर सांगेल का, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. कुणाच्या तरी हाताखाली दोन महिने नीट काम केलेले असेल तर त्याचा अंदाज येतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःची पारख. आपल्याला हिशेबात रस आहे की माणसांशी बोलण्यात, प्रयोगशाळेत मन रमते की फिरतीवर, हे वर्गात बसून उमगत नाही. पदवीनंतर दोन वर्षे घालवून चुकीची वाट कळण्यापेक्षा तिसऱ्या वर्षातच ती कळलेली बरी. तिसरी गोष्ट म्हणजे ओळखी. जागा रिकामी होत आहे, कुठे माणूस हवा आहे, कोणता छोटा अभ्यासक्रम केला तर उपयोग होईल, या बातम्या बहुतेक वेळा तोंडी फिरतात. डॉक्टर, वकील, व्यापारी, अधिकारी यांच्या मुलांना या तिन्ही गोष्टी घरातच मिळतात. शेतकऱ्याच्या, हमालाच्या, ऊसतोड कामगाराच्या मुलीला त्या घरात मिळत नाहीत, म्हणून शिक्षणसंस्थेने त्या द्यायच्या असतात.

या म्हणण्याला अभ्यासांचाही आधार आहे. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काल्पनिक पदवीधरांचे हजारो अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. काही अर्जांत इंटर्नशिपचा उल्लेख होता, काहींत नव्हता. उल्लेख असलेल्यांना मुलाखतीची बोलावणी सुमारे १४ टक्क्यांनी जास्त आली. जर्मनीत विद्यार्थिदशेतील इंटर्नशिपचा पुढच्या मिळकतीवर काय परिणाम होतो हे तपासले गेले, तेव्हा वेतनात सुमारे ६ टक्क्यांची वाढ दिसली. हा लाभ सर्वाधिक कुणाला झाला, हे आपल्या दृष्टीने आणखी मोलाचे आहे. ज्या शाखांचा एखाद्या ठरावीक नोकरीशी थेट संबंध नसतो, त्या शाखांच्या विद्यार्थ्यांना तो अधिक झाला. अभियंत्याची किंवा परिचारिकेची वाट बरीचशी ठरलेली असते. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, भूगोल शिकणाऱ्याची तशी ठरलेली नसते, म्हणून त्याला कामाचा अनुभव जास्त तारतो. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांतही कला, वाणिज्य आणि सामान्य विज्ञान या शाखांचेच विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. अमेरिका-जर्मनीचे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत, हे उघड आहे. तिथली अर्थव्यवस्था वेगळी, नोकरी देण्याच्या रीती वेगळ्या. पण ओळख आणि पुरावा नसलेल्या तरुणाला अनुभवाचा आधार जास्त लागतो, हा त्यामागचा तर्क जर्मनीपेक्षा मराठवाड्यात अधिकच खरा ठरेल.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. वैद्यकीय पदवी एक वर्षाच्या आंतरवासितेशिवाय पुरी होत नाही. हिंगोलीत २०२४ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीही काही वर्षांनी याच जिल्ह्यातील रुग्णांसमोर उभे राहून शिकतील. बी.एड.च्या छात्राध्यापकाला शाळेत जाऊन पाठ घ्यावेच लागतात. सनदी लेखापाल व्हायचे तर आर्टिकलशिप चुकत नाही. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहणारे कृषीदूत आणि कृषीकन्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना चांगल्या माहीत आहेत. बीजप्रक्रिया, माती परीक्षणाचा नमुना, कामगंध सापळे यांची प्रात्यक्षिके करताना त्यांना पुस्तकातले ज्ञान बांधावर आणावे लागते आणि शेतकऱ्याच्या प्रश्नांपुढे आपले कुठे अपुरे पडते हेही कळते. म्हणजे ज्या शिक्षणक्रमांना आपण गंभीरपणे घेतो, त्या सगळ्यांत काम करत शिकण्याची सोय आधीपासून आहे. बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी. एवढेच बाहेर राहिले होते. या मुलांच्या शिक्षणाला आपण आजवर कमी गंभीरपणे घेतले, असाच त्याचा अर्थ होतो. आता १२० तासांची तरतूद आली आहे, तर ती त्याच गांभीर्याने राबवली पाहिजे.

पहिला आक्षेप लगेच येतो की, हिंगोलीत कंपन्या आहेतच कुठे? मुलांना पाठवायचे तरी कुणाकडे? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातली जवळपास ८५ टक्के ग्रामीण. मोठे उद्योग इथे फार थोडे आहेत, हे मान्यच करावे लागेल. पण काम शिकायला काचेच्या इमारतीच लागतात असे नाही. हिंगोली आणि वसमत हे हळदीचे मोठे बाजार आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतलाच बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहत आहे. हळद शेतातून निघाल्यापासून ती शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे, कांडी आणि गोळा वेगळे करणे, यार्डात बीटाला लावणे, वजनाची पावती, हिशेबपट्टी, गोदाम पावतीवर कर्ज, दर्जाची तपासणी, भुकटी, पॅकिंग आणि परराज्यातली विक्री, एवढी साखळी एका पिकाभोवती आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका हंगामात आवक आणि दरांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या, आडत्याच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या वह्या आणि जीएसटीची विवरणे समजून घेतली, तर त्याला जे कळेल ते पुस्तकातल्या दहा प्रकरणांतून कळणार नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला ओलावा आणि कुर्क्युमिनचे प्रमाण यांवर भाव कसा फिरतो हे इथेच शिकता येईल. मार्चपासून जूनपर्यंत हळदीची आवक जोरात असते आणि महाविद्यालयाची उन्हाळी सुट्टीही त्याच दिवसांत येते. जिल्ह्याचा सर्वांत मोठा बाजार आणि विद्यार्थ्याचा मोकळा वेळ असे एकाच वेळी येतात, ही संधी आपण दरवर्षी वाया घालवतो.

हळदीपलीकडेही काम आहे. जिल्ह्यात साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. विकास आराखडा, कर आकारणीची नोंदवही, रोजगार हमीची मागणी आणि हजेरीपट, पाणीपुरवठ्याचा हिशेब, जन्म-मृत्यू नोंदी ही तिथली रोजची कामे आहेत. राज्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ७३ वी घटनादुरुस्ती पाठ केली आणि ग्रामसभेचे इतिवृत्त कधी पाहिलेच नाही, तर ते शिक्षण अर्धवटच म्हणावे लागेल. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना सिद्धेश्वर आणि येलदरी धरणांच्या लाभक्षेत्रातले पाणीवाटप आहे. इतिहास आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना औंढ्याचे नागनाथ मंदिर आहे, संत नामदेवांचे नर्सी आहे. येणाऱ्या यात्रेकरूला नीट माहिती देणे, शिल्पांची नोंद करणे, मौखिक परंपरा लिहून ठेवणे ही कामे तिथे केव्हाची माणसांची वाट पाहत आहेत. करसल्लागार, सहकारी पतसंस्था, औषधांची ठोक दुकाने, कृषी सेवा केंद्रे, साखर कारखाना, रुग्णालयांची नोंदणी खिडकी, आपले सरकार सेवा केंद्र, स्थानिक वृत्तपत्रांची कार्यालये, यांतल्या प्रत्येक ठिकाणी दोन-दोन विद्यार्थ्यांना महिनाभर शिकता येईल एवढे काम नक्की आहे. ही ठिकाणे एकेकटी लहान आहेत. सगळी मिळून ती जिल्ह्याचे कामाचे जग होतात, आणि आपला पदवीधर ज्या जगात उतरणार आहे ते बहुतेक वेळा हेच असते.

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाचा विचार तर वेगळा करावा लागेल. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची अशी वेधशाळा जगात मोजक्याच ठिकाणी आहे. त्यांतली एक अमेरिकेतील लुइझियाना राज्यात लिव्हिंगस्टन या ग्रामीण भागात आहे. तिथल्या विज्ञान शिक्षण केंद्राच्या कामात जवळच्या बॅटन रूजमधील सदर्न युनिव्हर्सिटी भागीदार राहिली आहे, आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी लायगोचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम चालवते. हिंगोलीने हेच उदाहरण समोर ठेवून आतापासून मागणी केली पाहिजे. प्रकल्प उभा राहील तेव्हा तिथे शास्त्रज्ञ देशभरातून येतील आणि यायलाच हवेत. पण इलेक्ट्रॉनिक्स, निर्वात यंत्रणा, संगणक, विदा हाताळणी, येणाऱ्या शाळांना माहिती देणे यांसाठी जिल्ह्यातील विज्ञान शाखेच्या आणि आयटीआयच्या काही विद्यार्थ्यांना दरवर्षी आंतरवासिता मिळण्याची लेखी व्यवस्था आजच झाली, तर जगातले सर्वोत्तम विज्ञान शेजारच्या गावात आले आणि आपली मुले फक्त कुंपणाबाहेरून पाहत राहिली, असे होणार नाही.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच आंतरवासिता देण्यावर एवढा भर का, याचे उत्तर केंद्र सरकारच्याच अनुभवात आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली. पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातील ५०० आघाडीच्या कंपन्यांत वर्षभराची संधी, दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये अशी तेव्हा ती योजना होती. पहिल्या फेरीत सव्वा लाखांहून अधिक जागा पुढे आल्या आणि ८२ हजारांहून अधिक संधी देऊ केल्या गेल्या. प्रत्यक्षात रुजू झाले ते पावणेनऊ हजारांच्या आसपास. जागा घरापासून दूर असणे आणि कालावधी मोठा असणे ही त्याची प्रमुख कारणे पुढे आली. सेनगावच्या मुलीने पाच हजार रुपयांत पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात खोली, जेवण आणि प्रवास कसा भागवायचा? अशी योजना ज्याच्या घरून पैसे येतात त्यालाच झेपते, आणि ज्याला तिची गरज जास्त तोच मागे राहतो. आंतरवासिता घरापासून बसने जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर असेल, तरच ती गरिबाच्या आणि विशेषतः मुलींच्या वाट्याला येईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. इंटर्नशिप म्हणजे फुकटात राबवून घेण्याची सोय, असे अनेकांना वाटते आणि ही भीती निराधार नाही. महिनाभर फक्त चहा आणायचा, झेरॉक्स काढायच्या, नोंदी उतरवायच्या आणि शेवटी एक कागद घ्यायचा, हे शिक्षण म्हणता येत नाही. शिवाय पैसे न मिळणारे काम तोच करू शकतो ज्याला सुट्टीत मजुरीला जायचे नसते. यावर उपाय म्हणून आंतरवासिता टाळली, तर नुकसान पुन्हा त्याच गरीब विद्यार्थ्याचे होईल. म्हणून तिला नियमात बसवणे हाच मार्ग उरतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने हा मार्ग केव्हाच दाखवला आहे. करार, ठरलेला कालावधी, ठरलेले विद्यावेतन, कामाचे तास आणि शेवटी परीक्षा असे त्याचे स्वरूप आहे. या कायद्याखालील नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. हिंगोलीत अशा आस्थापना कमी, त्यामुळे कायद्याचा लाभही कमी पोहोचतो. म्हणून लहान आस्थापनांना एकत्र आणून महाविद्यालयाने किंवा बाजार समितीने मध्यस्थाची जबाबदारी घ्यावी. कामाची यादी आधी लिहून ठरवावी, शिकवणाऱ्या व्यक्तीचे नाव त्यात असावे, प्रवास आणि जेवणापुरते तरी विद्यावेतन असावे, अपघात विमा असावा आणि तक्रार कुणाकडे करायची हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच माहीत असावे. ज्या ठिकाणाबद्दल दोन वर्षे सलग वाईट अनुभव येईल, ते यादीतून काढून टाकावे.

तिसरा आक्षेप राज्याच्या अनुभवातून येतो. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. १८ ते ३५ वयोगटातील बारावी उत्तीर्णाला दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन, असे तिचे स्वरूप होते. मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे ११ महिने झाली. ग्रामपंचायती, शाळा आणि शासकीय कार्यालयांत हजारो तरुण रुजू झाले. मुदत संपल्यावर कायम करा या मागणीसाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागले. अशा प्रशिक्षणाने तरुणांना खोटी आशा लावली जाते आणि शेवटी ते पुन्हा रिकाम्या हाताने घरी येतात, असे यावर म्हटले जाते. त्या तरुणांची तळमळ खरी आहे आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. अकरा महिने शाळेत शिकवले, कार्यालयात टेबल सांभाळले, की ते काम आपले वाटू लागणारच. दोष त्यांच्या अपेक्षेत शोधण्यापेक्षा प्रशिक्षण आणि तात्पुरती भरती यांतली रेघ कुणी पुसली, हे पाहायला हवे. रिक्त पदाचे काम प्रशिक्षणार्थीकडून करून घेतले, की पदही भरले जात नाही आणि प्रशिक्षणही होत नाही. रिक्त पदे नियमित भरतीनेच भरली पाहिजेत. आंतरवासिता मात्र शिक्षण चालू असताना, थोड्या मुदतीची आणि शिकण्याचे उद्दिष्ट लिहिलेली असावी. तशी ती असेल तर नोकरीचा आभास निर्माण होत नाही आणि तिचा लाभही टिकतो.

तो टिकण्यासाठी प्रमाणपत्रात दम लागतो. युगांडात तरुणांच्या बेरोजगारीवर झालेला एक मोठा प्रयोग २०२० मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही तरुणांना व्यवसाय शिक्षण संस्थेत प्रशिक्षण दिले गेले, काहींना थेट छोट्या उद्योगांत. दोघांचाही फायदा झाला. पण उद्योगात शिकलेल्यांचा लाभ काळानुसार ओसरला, तर संस्थेत शिकलेल्यांचा टिकला, कारण त्यांचे कौशल्य प्रमाणित होते आणि दुसऱ्या मालकाला दाखवता येत होते. यातून आपण घ्यायचा धडा असा की, ‘एक महिना समाधानकारक काम केले’ एवढ्या ओळीचा कागद पुढे फारसा उपयोगी पडणार नाही. विद्यार्थ्याने कोणती कामे केली, त्यांतले कोणते स्वतंत्रपणे जमते आणि ते कुणी तपासले, हे लिहिलेला दाखला विद्यापीठाच्या शिक्क्याने मिळाला पाहिजे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने चारही जिल्ह्यांसाठी असा एकच नमुना ठरवला, तर हिंगोलीच्या दाखल्याला लातुरात आणि पुण्यातही किंमत येईल.

आणखी एक आक्षेप अभ्यासिकांतून ऐकू येतो. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणाऱ्याला या भानगडीत वेळ घालवणे परवडत नाही. या मुलांच्या चिकाटीबद्दल मनात आदर ठेवूनच आकडे पाहू. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे दोनशेहून अधिक अर्जदारांत एक निवडला जाणार. उरलेल्यांनी त्या परीक्षेसाठी केलेल्या कष्टांचे दुसरीकडे मोल होत नाही, ही खरी वेदना आहे. १२० तास म्हणजे रोज चार तास धरले तरी तीस दिवस होतात. तेवढा वेळ ग्रामपंचायतीत किंवा तहसीलच्या कामकाजात घालवलेल्या उमेदवाराला ज्या पदासाठी तो झटतो आहे त्याचे रूप दिसेल, आणि निवड झाली नाही तर हातात दुसरी वाट राहील. स्पर्धा परीक्षा सोडा असे कुणी सांगू नये. मात्र एकाच दारासमोर पाच-सहा वर्षे उभे राहण्याआधी मुलांना शेजारची दारेही दाखवणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे.

महाविद्यालय म्हणजे नोकरदार घडवण्याचा कारखाना नव्हे, असे म्हणणाऱ्यांची चिंताही समजून घेण्यासारखी आहे. साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास यांचे मोल पगारात मोजता येत नाही, हे खरेच आहे. पण काम करताना माणूस जे शिकतो ते पोटापुरतेच नसते. बाजार समितीत बसलेल्या विद्यार्थ्याला भाव पडला की शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते दिसते, हमालाच्या मजुरीचा दर कळतो. रोजगार हमीच्या हजेरीपटावर बसलेल्या विद्यार्थिनीला कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांतले अंतर कळते. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांना जीव येतो तो इथे. सहा सत्रांतल्या १२० तासांनी ग्रंथालय बंद पडणार नाही, उलट तिथे घेऊन जाण्यासारखे प्रश्न विद्यार्थ्याला मिळतील.

म्हणून आता चार गोष्टी व्हाव्यात. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, कौशल्य विकास विभाग, बाजार समित्या आणि महाविद्यालये यांनी मिळून दरवर्षी दिवाळीपूर्वी जिल्ह्यातील आंतरवासितेच्या जागांची तालुकानिहाय यादी जाहीर करावी, म्हणजे ओळख असलेल्यालाच जागा मिळाली असे होणार नाही. प्रत्येक महाविद्यालयात या कामासाठी एका प्राध्यापकाला तासिकांच्या भारात सूट देऊन जबाबदारी द्यावी. हे काम इतर कामांच्या जोडीला फावल्या वेळात होणारे नाही. एसटीच्या विद्यार्थी पासाची सवलत घर ते महाविद्यालय या मार्गाबरोबर आंतरवासितेच्या ठिकाणापर्यंतही मिळावी. आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्यांना या काळापुरते विद्यावेतन द्यावे. यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा किंवा मोठी इमारत लागत नाही. १९९९ मध्ये परभणीपासून वेगळे होताना आपल्या प्रश्नांकडे जवळून पाहणारे प्रशासन मिळावे, ही हिंगोलीकरांची अपेक्षा होती. पदवी घेऊन बाहेर पडणारी मुले हा त्यांतला सर्वांत जवळचा प्रश्न आहे. नव्या धोरणाच्या पहिल्या तुकड्यांना कागदी प्रमाणपत्रे मिळाली, तर तीच रीत पुढे वर्षानुवर्षे चालेल. त्यांना खरे काम मिळाले, तर तीही रीत होईल, आणि ती पाडण्याची वेळ हीच आहे.